थंडीत गाडी का रुसते?

जानेवारी महिना आहे. निफाड तालुक्यातले एक गाव. पहाटेचे पाच वाजायला आले आहेत. पिकअप गाडीच्या हौद्यात कोबीची पोती आणि टोमॅटोचे क्रेट आदल्या संध्याकाळीच भरून ठेवले आहेत. माल सकाळच्या बाजाराला पोचला तर त्याला भाव. दहा वाजता पोचला तर समोरचा देईल तो भाव. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. ‘घुर्र... घुर्र... घु...’ आणि मग नुसतेच ‘टक्’.

थोड्याच वेळात गाडीभोवती चार माणसे जमतात. एक म्हणतो, “दादा, बॅटरी गेली, नवी टाका.” दुसरा म्हणतो, “हिटर प्लग जळाले असतील.” तिसऱ्याला डिझेलमध्ये खोट दिसते, आणि चौथा ‘सेल्फ खोलावा लागेल’ असे ठामपणे सांगतो. (गाडी सुरू करणाऱ्या विजेच्या मोटारीला, म्हणजे स्टार्टर मोटारीला, आपल्याकडे सगळेच ‘सेल्फ’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.) यांतला कोणताही उपाय फुकटचा नाही. चारही करून पाहायचे म्हटले तर कोबीचे पैसे तिथेच संपतील. शिवाय गंमत अशी, की हीच गाडी दुपारी बारा वाजता पहिल्या झटक्यात सुरू होते! मग बिघाड आहे तरी कोठे?

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न मेकॅनिकचा आहे असे म्हणून सोडून देऊ नका. याचे उत्तर शोधायला लागणारे बहुतेक विज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे. ओहमचा नियम, हवा दाबल्यावर तापते ही गोष्ट, आणि तेल गारठल्यावर घट्ट होते हा रोजचा अनुभव, एवढी सामग्री पुरे. मात्र अंदाजाने सुटे भाग बदलत बसायचे नाही, एकेक शक्यता मोजून बाद करायची, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

ठिणगीवाचून आग

आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअप डिझेलवर चालतात. स्कूटरच्या किंवा पेट्रोलच्या मोटारीच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो, तो ठिणगी पाडून इंधन पेटवतो. डिझेल इंजिनात असा प्लग नसतो. तेथे दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमधील हवा इतकी दाबतो की ती आपोआप लालबुंद निखाऱ्याइतकी तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने याच तत्त्वावरचे आपले इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखवले.

हवा दाबल्यावर तापते हे तुम्ही सायकलमध्ये हवा भरताना पाहिले असेल. पंपाचे खालचे टोक हाताला चांगलेच गरम लागते. डिझेल इंजिनात हवा एकअठरांश जागेत कोंबली जाते असे धरू. उष्णता मुळीच बाहेर जाऊ दिली नाही, तर इतक्या दाबाने हवेचे निरपेक्ष तापमान सुमारे ३.१८ पट होते. (हे सूत्र तुम्ही पुढे शिकाल, सध्या आकडा घेऊ.) निरपेक्ष तापमान म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणारा आकडा. आता हिशेब करा.

दुपारी हवा ३० अंशांची आहे. म्हणजे ३०३, त्याचे ३.१८ पट म्हणजे ९६३. त्यातून २७३ वजा केले की ६९० अंश. पहाटे हवा ५ अंशांची आहे. म्हणजे २७८, त्याचे ३.१८ पट ८८४. वजा जाता ६११ अंश. बाहेर फरक २५ अंशांचा, पण आत तोच फरक ८० अंशांचा झाला!

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती रात्रभर गारठलेल्या असतात, त्या उष्णता शोषून घेतात. थोडी हवा पिस्टनच्या कड्यांतून निसटते. त्यामुळे सुरू होताना प्रत्यक्ष तापमान या आकड्यांहून दोन-तीनशे अंशांनी कमीच राहते. डिझेलची वाफ तशी २१० ते २५० अंशांच्या आसपास आपोआप पेटते. पण तिला त्यासाठी अवधी हवा. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटायचे तर हवा याहून पुष्कळ तापलेली पाहिजे. म्हणजे दुपारी हाताशी भरपूर शिल्लक असते, आणि पहाटे ती जवळजवळ संपलेली असते.

आता यात वेगाचा भाग पाहा. सेल्फने इंजिन मिनिटाला १५० फेरे फिरवले, तर एका फेऱ्याला ०.४ सेकंद लागतात, आणि हवा दाबण्याची क्रिया अर्ध्या फेऱ्यात, म्हणजे ०.२ सेकंदात उरकते. तोच वेग ७५ फेऱ्यांवर आला तर दाबायला ०.४ सेकंद लागतात. भिंतींना उष्णता चोरायला दुप्पट वेळ मिळाला, कड्यांतून हवा निसटायलाही दुप्पट वेळ मिळाला. म्हणूनच सेल्फ ‘फिरतोय ना’ एवढे पुरत नाही. तो पुरेसा जोरात फिरला पाहिजे.

आणि नेमका थंडीतच तो जोरात फिरत नाही. कारण थंडी एकाच वेळी दोन्हीकडून मारते. बॅटरीची ताकद घटवते आणि इंजिन फिरवायला लागणारी ताकद वाढवते. दुपारी सुरू होणारी गाडी पहाटे का रुसते, याचे उत्तर येथे आहे. तिचा कोणताही भाग पुरता मेलेला नसतो. एखादा भाग काठावर आलेला असतो, आणि थंडी त्याला काठावरून खाली ढकलते. आपल्याला तो भाग हुडकायचा आहे.

आधी कान लावा

पहिली तपासणी फुकट आहे. मोठ्या माणसाला किल्ली फिरवू द्या आणि तुम्ही नुसते ऐका. सेल्फ रेंगाळत, कण्हत फिरतो आहे, की जोमाने फिरतो आहे पण इंजिन पेटत नाही? या एका प्रश्नाने अर्धी कारणे बाद होतात. रेंगाळत असेल तर संशय बॅटरी, तारा, सेल्फ आणि तेल यांच्यावर. जोमाने फिरत असेल तर बॅटरीला हात लावायचे काही कारण नाही. दोष उष्णतेचा किंवा डिझेलचा आहे. कितीतरी चांगल्या बॅटऱ्या केवळ हा प्रश्न न विचारल्यामुळे मोडीत निघतात.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. त्याच्यातून दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक विद्युत् प्रवाह जातो, तो लवकर तापतो. मध्ये मिनिटभर थांबावे. थांबल्यावर सेल्फ पुन्हा थोडा जोर धरतो, हे पुष्कळ ड्रायव्हरांना ठाऊक असते. त्याचे कारण बॅटरीच्या आत आहे.

बॅटरीचे गारठणे

शिसे आणि आम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. आजही पिकअपच्या बॉनेटखाली तिचीच वंशज बसलेली असते. तिच्या पट्ट्या स्पंजासारख्या सच्छिद्र असतात. वीज द्यायची तर त्या छिद्रांत सल्फ्युरिक आम्ल सतत पोचत राहिले पाहिजे. थंडीत आम्ल घट्टसर होते, छिद्रांत सावकाश शिरते, रासायनिक क्रियाही मंदावते. परिणामी, शून्य अंशाला बॅटरी आपल्या नेहमीच्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांशच ताकद देऊ शकते. सेल्फ मारून थांबलात की त्या मिनिटभरात ताजे आम्ल छिद्रांत पोचते आणि बॅटरीला पुन्हा थोडी तरतरी येते.

बॅटरी तपासायला मल्टिमीटर घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत तो असतोच, आणि साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. पहाटे, दिवा-रेडिओ काहीही लावण्याआधी, बॅटरीच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. ११.९ किंवा कमी म्हणजे ती उतरलेली आहे, आणि मग का उतरली ते पाहावे लागेल. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसत नसतील तर अल्टरनेटर तिला नीट भरत नाही. तेवढे दिसत असतील, तर रात्री काहीतरी वीज खात असावे. हौद्यातला दिवा, गाण्याचा ॲम्प्लिफायर किंवा नंतर कोणी जोडलेले एखादे यंत्र अर्धा अँपिअर घेत राहिले तरी दहा तासांत पाच अँपिअर-तास गेले.

पण नुसत्या बसलेल्या बॅटरीचा दाब फसवा असतो. खरी परीक्षा ओझ्याखाली. मीटर बॅटरीवरच ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दाब साडेनऊ व्होल्टच्या वर टिकला तर ठीक. तो सात-आठवर कोसळला तर बॅटरी थकली, किंवा क्वचित सेल्फ आतून अडकून जास्त प्रवाह ओढत आहे.

दिवे लागतात, मग बॅटरी चांगली?

येथे एक मोठी गमतीची गोष्ट सांगायची आहे. जमलेल्या चौघांपैकी कोणीतरी हेडलाइट लावून पाहतोच. दिवे झगझगीत लागतात. “बघा, बॅटरी आणि तारा दोन्ही ठणठणीत आहेत. सेल्फच गेला!” हा निष्कर्ष चुकीचा का आहे, ते ओहमच्या नियमाने पाहू.

समजा, बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर बसणारी तारेची पकड, म्हणजे टर्मिनल, पांढऱ्या-हिरव्या भुकटीने भरली आहे, आणि त्या सांध्याचा विद्युत् रोध एक ओहमचा शंभरावा भाग, ०.०१ ओहम आहे. किती क्षुल्लक! दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. सांध्यावर खर्च होणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध: १० × ०.०१ = ०.१ व्होल्ट. एवढ्याने दिव्याच्या उजेडात काय फरक पडणार?

आता त्याच सांध्यातून सेल्फसाठी २०० अँपिअर जाऊ द्या. २०० × ०.०१ = २ व्होल्ट! बॅटरीने साडेदहा दिले, तर सेल्फला मिळाले साडेआठ. उरलेले दोन व्होल्ट त्या भुकटीत जळाले. किती उष्णता झाली? २ × २०० = ४०० वॅट. शंभर वॅटचे चार दिवे त्या एवढ्याशा सांध्यात कोंबल्यासारखे झाले. म्हणूनच दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर खराब सांधा तापतो. हात जवळ नेला तरी ऊब कळते. बोट टेकवू मात्र नका, भाजेल.

म्हणजे दिवे लागणे हा सेल्फच्या वाटेचा पुरावाच नाही. ओढ्यावरची फळी एका माणसाला पेलते म्हणून तिच्यावरून बैलगाडी नेता येत नाही.

हा चोर पकडण्याची रीत फार सुंदर आहे. मीटरची एक सुई शिशाच्या खुंटाच्या माथ्यावर टेकवा आणि दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या पकडीवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या. एरवी मीटर शून्य दाखवील. आता सेल्फ मारा. एक-दोन दशांश व्होल्ट दिसले तर चालेल. अर्धा-एक व्होल्ट दिसला की चोर सापडला. याच पद्धतीने धन खुंटापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत आणि ऋण खुंटापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. दुसऱ्या वाटेकडे लोक सहसा पाहत नाहीत. गाडीचे इंजिन रबरी बैठकींवर बसवलेले असते. रबरातून वीज जात नाही, म्हणून चासिस आणि इंजिन यांना जोडणारी एक जाड पट्टी असते. ती चिखलापाण्याने गंजली की बॅटरी नवी टाका, सेल्फ नवा टाका, पहाटेचे रडगाणे चालूच राहते. हे मोजताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा, सैल बाह्या व मीटरच्या तारा पंख्याच्या पट्ट्यापासून दूर असाव्यात, आणि शिक्षक किंवा जाणता मेकॅनिक शेजारी असावा.

सांधा साफ करणे अगदी सोपे आहे. ऋण तार आधी सोडायची आणि बसवताना शेवटी बसवायची. उलट केले आणि धन खुंटावरचा पाना चुकून बॉडीला लागला, तर शेकडो अँपिअरचा लोळ उठेल. भुकटीवर खाण्याच्या सोड्याचे पाणी टाकले की आम्ल मरते आणि फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड. हे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाता कामा नये. मग पुसून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावायचे. खर्च जवळजवळ काही नाही.

तेलाची गोटी

बॅटरी चांगली, सांधे चांगले, तरी सेल्फ रेंगाळतो? मग इंजिनातल्या तेलाकडे पाहा. एक प्रयोग करा. दोन सारख्या उंच बाटल्यांत इंजिनचे नवे तेल भरा. एक बाटली खोलीत ठेवा, दुसरी झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये. घरच्या फ्रिजमध्ये साधारण चार-पाच अंश असतात, म्हणजे अगदी निफाडची पहाट! सकाळी दोन्हींत एकेक काचेची गोटी सोडा आणि तळाला जायला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. ३० अंशांवरून ५ अंशांवर आले की साध्या इंजिन तेलाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, सुमारे चौपट होते. पिस्टन याच काकवीसारख्या तेलातून ओढायचे असतात.

तेलाच्या डब्यावर ‘२० डब्ल्यू ५०’ किंवा ‘१५ डब्ल्यू ४०’ असे लिहिलेले असते. यातला डब्ल्यू हिवाळ्यासाठी आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही चालतील असे म्हटले असेल, तर थंड गावात लहान आकड्याचे घ्यावे. आणि सेल्फ मारताना क्लच पुरता दाबावा. न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा एक दांडा इंजिनाबरोबर फिरत असतो, तोही घट्ट तेलात. क्लच दाबला की ते ओझे सुटते.

आता जोमाने फिरणारे, पण न पेटणारे इंजिन

येथे कानाऐवजी डोळ्यांचे काम. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काय येते ते पाहा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, पण न जळता वाफेच्या रूपात बाहेर पडते आहे. उष्णता कमी पडते. काहीच येत नसेल, तर डिझेलच पोचत नाही.

उष्णता कमी पडू नये म्हणून सिलिंडरमध्ये छोटे हिटर प्लग बसवलेले असतात. किल्ली अर्धी फिरवली की त्यांची टोके ८०० अंशांच्या वर तापतात, आणि डॅशबोर्डवर गुंडाळीच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो विझल्यावरच सेल्फ मारायचा असतो. घाईत असलेले ड्रायव्हर तेवढे थांबत नाहीत आणि मग मेकॅनिकला बोलावतात!

प्लग जळाला आहे का, हे मल्टिमीटर सांगतो. प्लगची तार सोडून त्याचे टोक आणि इंजिन यांच्यामधील रोध मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी रोध दाखवतो. जळालेल्या प्लगचा मार्गच तुटलेला असल्याने रोध अनंत येतो. त्याला थेट बॅटरी जोडून ‘लाल होतो का’ ते पाहू नये. नव्या गाड्यांतले काही प्लग बारा व्होल्टपेक्षा पुष्कळ कमी दाबावर चालणारे असतात, ते क्षणात जळतात. लक्षणांवरूनही बरेच कळते. चारांपैकी एकच प्लग गेला असेल तर इंजिन सुरू होते, पण अर्धा मिनिट लंगडते, थरथरते, पांढरे धुमसते आणि मग ताळ्यावर येते. चारही एकदम थंड असतील तर प्लग विकत आणण्याआधी फ्यूज आणि रिले तपासा. चार प्लग एकाच रात्री सहसा मरत नाहीत.

धूर मुळीच नसेल, तर बहुधा डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे. मेकॅनिक याला ‘एअर धरली’ म्हणतात. थंडीत रबरी नळ्या आणि वायसरी आकसतात व कडक होतात, बारीक फट पडते, आणि रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. फिल्टरजवळ हातपंप असेल तर तो दाबून पाहा. आठ-दहा दाबांत तो कडक झाला आणि गाडी सुरू झाली, तर निदान झाले. आता फट शोधून नळी किंवा वायसर बदलायची. एक धोक्याची सूचना मात्र लक्षात ठेवा. जुन्या इंजिनांत मेकॅनिक नोझलकडच्या नळीचा नट सैल करून हवा काढीत. आजच्या कॉमन रेल इंजिनांत त्या नळीतला दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहूनही अधिक असू शकतो. तिथून उडालेली डिझेलची धार कातडीत घुसते. तिकडे हात लावायचा नाही.

वेळ निभावून नेण्याचे उपाय

स्टार्टर मोटार नव्हती तेव्हा इंजिन पुढून हँडल मारून फिरवीत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि हँडलच्या उलट्या फटक्याने मनगट मोडण्याची भीती गेली. पण धक्का मारणे आपल्याकडे अजून टिकून आहे. कितीतरी ड्रायव्हर थंडीत गाडी मुद्दाम उतारावर लावतात. त्यात शास्त्र आहे. चाके इंजिन फिरवतात आणि बॅटरीची सगळी वीज हिटर प्लगांना व फवारणीच्या यंत्रणेला मिळते. मात्र इंजिन बंद असताना ब्रेकला नेहमीची मदत मिळत नाही, पॅडल कडक होते. स्टिअरिंगही जड होते. भरलेल्या गाडीने गर्दीच्या उतारावर हा प्रयोग करू नये. आणि बॅटरी अगदीच रिकामी असेल तर नव्या गाड्यांत धक्क्याचा उपयोगही होत नाही, कारण डिझेलचा फवारा सोडण्याचा हुकूम विजेवरच निघतो.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घ्यायचा असेल तर आधी दोन्हींचा दाब सारखा आहे ना, हे पाहा. ट्रॅक्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो, पण मोठा ट्रक २४ व्होल्टचा. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती दूर उडालेली बरी. विडी-सिगारेट तर आसपास नकोच. सोडताना हाच क्रम उलटा. हवेच्या तोंडात ईथरचा फवारा मारण्याची युक्तीही काही जण सांगतात. तापलेले हिटर प्लग असलेल्या इंजिनात ईथर नको त्या क्षणी पेटतो आणि पिस्टन किंवा नळकांडे फोडू शकतो.

डिझेल गोठते तेव्हा

‘थंडीने डिझेल गोठले’ हे कारण महाराष्ट्रात लोक ज्या सहजतेने सांगतात, तितके ते इथे घडत नाही. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजलेली तुम्ही पाहिली आहे. डिझेलमध्येही मेणासारखे घटक असतात. कडक थंडीत आधी त्यांचे बारीक स्फटिक होतात. डिझेल अजून वाहते असते, पण स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचून तो बुजवतात. याचे लक्षण वेगळे आहे: गाडी सुरू होते, फिल्टरपलीकडचे डिझेल संपेपर्यंत मिनिटभर चालते आणि उपाशी राहून बंद पडते. निफाडला असे झाले तर आधी जुना, कचऱ्याने भरलेला फिल्टर किंवा डिझेलमधले पाणी यांचा संशय घ्यावा. रॉकेल मिसळणे हा उपाय नव्हे. डिझेलच पंपाला वंगण पुरवत असते, आणि रॉकेल त्या कामाला कमी पडते.

लडाखमध्ये मात्र ही रोजची अडचण आहे. द्रास-कारगिलकडे हिवाळ्यात पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो. तेथे साधे डिझेल टाकीतच थिजते, आणि ते पातळ करण्यासाठी टाकीखाली शेगडी किंवा जाळ धरण्याचा जिवावरचा खेळ चालक करीत. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने या भागासाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. पण डिझेल वाहिले तरी बॅटरी गारठायची ती गारठतेच. अशा प्रदेशांत ती रात्री काढून उबदार खोलीत ठेवतात, आणि भरलेली ठेवतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल सुमारे उणे ६० अंशांपर्यंत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे ८-१० अंशांनाच गोठू लागते. बर्फाने फुगलेल्या अशा बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू करू पाहणे किंवा तिला चार्जिंगला लावणे धोक्याचे आहे, ती फुटू शकते. आधी ती आत आणून सावकाश वितळू द्यायची, भेगा पडल्या नाहीत ना ते पाहायचे, आणि मगच मीटर हातात घ्यायचा.